‘विचिटा लाइनमन’: लाइट आली की आई म्हणायची, “उतरले”

कोयनाकाठ

आमचे अण्णा वायरमन. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात एकतीस वर्षं खांबावर चढले. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नव्हती. झाड पडायचं, इन्शुलेटर फुटायचा, कुठे जंपर जळायचा, आणि रात्री कोणीतरी दारात येऊन हाक मारायचं. अण्णा कमरेचा पट्टा, पक्कड, हातमोजे आणि बॅटरी घेऊन बाहेर पडायचे. मग घरात कंदील आणि आई. आई झोपत नसे. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवून बसायची, जळत आलेलं लाकूड आत सारत राहायची. पहाटे कधीतरी बल्ब एकदम पेटायचा. आई वर बघायची आणि म्हणायची, “उतरले.”

याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. लाइनवर माणूस असेपर्यंत ती चालू करता येत नाही. तो खाली उतरतो, सुरक्षेसाठी लावलेलं अर्थिंग काढतो, कामाचं परमिट परत करतो, तेव्हा कुठे सबस्टेशनमधून फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य लाइन, चालू होतो. म्हणजे लाइट आली याचा आमच्या घरात एकच अर्थ होता: अण्णा जमिनीवर आहेत. गावाला उजेड मिळायचा, आईला निरोप मिळायचा.

हे आज लिहायला बसलो ते एका अमेरिकन गाण्यामुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लेन कॅम्पबेल हा गायक गेला, त्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने हेडफोन माझ्या कानाला लावला. गाणं ‘विचिटा लाइनमन’. १९६८ सालचं, लिहिलं जिमी वेबने. तोवर कंट्री संगीत म्हटलं की मला टोपीवाले, घोडे आणि बॅन्जो एवढंच आठवायचं. आणि इथे पहिल्याच ओळीत माणूस सांगतोय की मी लाइनमन आहे, काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कामावर आहे, हमरस्त्याने गाडी हाकत उन्हात कुठे ओव्हरलोड झालाय ते शोधतोय. माझ्या बापाचा धंदा! प्रेमगीतात! पुढच्याच क्षणी तो म्हणतो, तारांमधून तुझं गाणं ऐकू येतंय.

मला ते तिथेच थांबवावं लागलं. खाली जाऊन चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

गाणं तीन मिनिटांच्या आसपास आहे. कडवी दोनच. त्यात ना चंद्र, ना डोळे, ना ओठ. तार आहे, ऊन आहे, बर्फ पडला तर दक्षिणेकडचा पट्टा ताण सोसणार नाही ही काळजी आहे, थोडी सुट्टी हवीय पण पावसाची चिन्हं नाहीत ही कुरकुर आहे. आणि या सगळ्या कामाच्या बोलण्यात मधेच एक वाक्य निसटतं, ज्याचा अर्थ साधारण असा: तू मला हवी आहेस त्याहून जास्त मला तुझी गरज आहे, आणि हवी आहेस ती कायमची.

पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी लोकांना हे गाणं ऐकून भरून येतं. माझं कारण वर सांगितलं. पण ज्यांच्या घरात कोणी खांबावर चढत नव्हतं त्यांनाही ते का लागतं, हे मला समजून घ्यायचंय. तुमचे अनुभव लिहा.

जुनी_कॅसेट

कोयनाकाठ, “उतरले” वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी हे गाणं सत्तरच्या दशकात मुंबईत ऐकलं. धोबीतलावच्या एका इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, तबकडी उचलली जाताना काचेतून बघायची. इंग्रजी निम्मंशिम्मं कळायचं. ‘लाइनमन’ म्हणजे आगगाडीच्या रुळांवरचा माणूस असेल असं कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. तरीही हा माणूस घरापासून लांब आहे, एवढं मात्र पहिल्याच वेळी कळलं होतं. ते शब्दांनी सांगितलेलं नव्हतंच. गाणं सुरू होताना खर्जातली गिटार पायऱ्या उतरत येते आणि वर व्हायोलिनं पसरतात. तेवढ्यात मोकळं माळरान उभं राहतं.

ती उतरती गिटार वाजवणाऱ्या बाई होत्या, कॅरोल के. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत रोज वेगवेगळ्या गायकांसाठी वाजवणारी एक मंडळी होती, त्यांतल्या त्या. ग्लेन कॅम्पबेल स्वतःही आधी त्याच मंडळींतला. नोटेशन वाचता येत नसे, पण हात असा की सगळे त्याला बोलवायचे. आर्कान्सासमधल्या डिलाइट गावाजवळचा, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या घरातला, बारा भावंडांतला. घरापासून लांब येऊन पोट भरणं म्हणजे काय ते त्याला कोणी शिकवायला नको होतं.

मंद्रसप्तक

धाग्याबद्दल आभार. माझ्या फार जवळचं गाणं आहे. मी पेटी शिकवतो, म्हणून पेटीच्याच भाषेत सांगतो.

गाणं पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून, सुरू होतं. लाइनमन, रस्ता, ऊन, ओव्हरलोड हे सगळं त्या भागात. ओव्हरलोडच्या शब्दावर येताना गाण्याखालची जमीन सरकते आणि आपण पांढरी दोनवर जाऊन उतरतो. तारांमधून तुझा आवाज येतोय, हे तो तिथून म्हणतो. दुसऱ्या कडव्यातही तसंच. सुट्टी, पाऊस, बर्फ, ताण हे पांढरी चारच्या भागात, आणि ती गरजेची ओळ पांढरी दोनच्या. म्हणजे काम एका षड्जात आणि ती दुसऱ्या षड्जात. हातातलं काम करता करता माणसाचं मन जसं नकळत घराकडे वळतं, तसा इथे सा वळतो. ऐकणाऱ्याला शास्त्र कळायची गरज नाही, पोटात काहीतरी हललं एवढं प्रत्येकाला कळतं.

आणि शेवटी गाणं कुठल्याच सा वर येऊन बसत नाही. दोन स्वरसमूहांमध्ये झुलत झुलत विरून जातं. मैफलीत समेवर न येता कोणी तंबोरा खाली ठेवला तर आपण अस्वस्थ होऊ. इथे ती अस्वस्थता घेऊनच आपण उठतो आणि पुन्हा लावतो. माझ्या मते हे गाणं इतकी वर्षं टिकलं त्याचं मोठं कारण हे आहे.

एकला_पथिक

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका. गाणं सुंदर आहे, नाकारत नाही. पण यात ती बाई कुठे आहे? तिला नाव नाही, चेहरा नाही, ती काय म्हणते ते नाही. तो एकटा रस्त्यावर, एकटा खांबावर, आणि त्याची गरज तेवढी मोठी. तिची गरज काय आहे? आपल्याकडच्या विरहाच्या गाण्यांत निदान ती बोलते तरी. जात्यावर बसलेली बाई दळता दळता भावाबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेराबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगते. इथे बाईचा आवाज म्हणजे तारेतली गुणगुण.

रानजाई

एकला_पथिक, मुद्दा मला पटला आणि तरी गाणं आवडतं.

मी अडकलेय ती त्या एका ओळीत. कोयनाकाठ यांनी ‘हवी’ आणि ‘गरज’ असं मराठी केलंय. ‘गरज’ हा शब्द जरा अर्जातला वाटतो. आपल्याकडे त्याहून घरगुती शब्द आहे: लागणे. मला सकाळी चहा लागतो. बाबांना झोपताना रेडिओ लागतो. बाळाला आई लागते. हवं असणं ही इच्छा, ती आज असेल उद्या नसेल. लागणं म्हणजे त्याच्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही. म्हणून: “तू मला हवी आहेस, पण त्याहून तू मला लागतेस.”

माझे आजोबा आजी गेल्यावर असंच म्हणाले होते. “तुझी आजी मला लागायची गं.” प्रेम हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

कोयनाकाठ

रानजाई ताई, “लागतेस” हाच शब्द. माझ्याकडे आजपासून तोच.

अजून एक मराठीत आपोआप जमतं ते सांगतो. गाण्यात फिरून येणारी ओळ अशी आहे की लाइनमन अजून लाइनवर आहे. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात, तारेच्या कामावर आहे आणि फोन धरून आहे. आमच्या घरी कोणी अण्णांना शोधत आलं की आई म्हणायची, “ते लाइनवर गेलेत.” आणि शेजारच्या दुकानात फोन आला की दुकानदार ओरडायचा, “लवकर या, लाइनवर आहेत!” दोन्ही आपल्या बोलण्यात आहेतच.

तारघर

मी दूरसंचारमध्ये होतो, आता निवृत्त. तांत्रिक बाजूचं थोडं लिहितो, कारण गाण्यातली तार नेमकी कुठली यावर लोक वाद घालतात. ओव्हरलोड हा विजेच्या लाइनचा शब्द. पण तारेतून तुझा आवाज ऐकतो, हे टेलिफोनच्या लाइनमनचं. जिमी वेबने सांगितलेली हकिगत अशी की तो ओक्लाहोमात, वॉशिटा काउंटीच्या सपाट मुलखातून गाडीने चालला होता. मैलोन् मैल एकसारखे खांब मागे पडत होते, आणि मधेच एका खांबावर एक एकटा माणूस, कानाला फोन लावून. आमच्याकडेही लाइनमनच्या कमरेला टेस्टिंगचा हँडसेट लटकलेला असायचा. खांबावर चढायचं, जोडीला, म्हणजे एका फोनच्या दोन तारांना, क्लिपा लावायच्या, एक्स्चेंजशी बोलायचं. खालून बघणाऱ्याला वाटावं हा वर चढून कोणाशी गप्पा मारतोय.

वेबला तेच वाटलं असणार: हा कोणाशी बोलत असेल?

आणि तार खरंच गाते. वारा तारेला आडवा कापत गेला की तिच्या मागे हवेचे भोवरे सुटतात, एकदा वरून, एकदा खालून, आणि तार थरथरते. तिची जाडी आणि वाऱ्याचा वेग बदलला की सूर बदलतो. खांबाला कान लावला की सगळं आत ऐकू येतं. विजेच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर त्याहून वेगळी. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून घरघर १००ची. अमेरिकेत ६०, म्हणून १२०ची. मंद्रसप्तक, तुमच्या पेटीवर हे कुठे बसतं?

मंद्रसप्तक

तारघर साहेब, १०० म्हणजे मंद्र सप्तकातल्या पांढरी पाचच्या जरासं वर. १२० म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर आपल्यापेक्षा वरच्या सुरात घरघरतो, हे मला आज कळलं. आमच्या सोसायटीच्या डीपीजवळून जाताना आता कान टवकारणार.

सूर्यफूल

मी खुद्द विचिटात राहते, कॅन्ससमध्ये. बारा वर्षं झाली. नवरा विमानाच्या क्षेत्रात, हे शहरच विमानं बनवणारं. सेसना, बीचक्राफ्ट यांचं मूळ गाव हे. आम्ही मराठी माणसं इथे आलो तीही बहुतेक त्याच धाग्याने.

इथे एक गंमत नेहमी सांगितली जाते: गाणं आमच्या गावाचं नाहीच! वॉशिटा काउंटी ओक्लाहोमात, आणि विचिटा काउंटी म्हणाल तर एक कॅन्ससच्या पश्चिमेला आणि एक टेक्सासमध्ये. त्या आधी ‘फीनिक्सला पोचेपर्यंत’ अशा अर्थाचं वेबचंच गाणं कॅम्पबेलने गाजवलं होतं, म्हणून त्याने वेबकडे आणखी एका गावाच्या नावाचं गाणं मागितलं. गाव कुठलं याला तितकं महत्त्व नव्हतं, नाव गळ्यातून नीट निघायला हवं होतं. वि-चि-टा. म्हणून बघा, तीन अक्षरांत कसं लांब जाता येतं.

पण मुलूख मात्र अगदी हाच. पहिल्या हिवाळ्यात माझी आई फोनवर विचारायची, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? मी सांगायचे, खांब. आई, खरंच खांबच दिसतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे नजर अडवायला काही मिळत नाही, त्याचा त्रास होतो. संध्याकाळी रस्त्याने गाडी चालवताना पुढे एकामागून एक खांब बारीक होत जातात आणि शेवटचा कुठे संपतो ते डोळ्याला कळत नाही.

आणि बर्फाची ओळ. इथे हिमवृष्टीपेक्षा भीती गारठलेल्या पावसाची. पाणी तारेवर पडतं आणि तिथेच गोठतं, थरावर थर. बोटाएवढी तार मनगटाएवढी होते, आणि झाडाच्या फांद्यांसकट सगळं खाली येतं. एका जानेवारीत आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. लेक आठ महिन्यांची. तिला जॅकेटच्या आत छातीशी धरून खिडकीत उभी होते तेव्हा समोर बकेट ट्रक, म्हणजे माणसाला पाळण्यातून वर उचलणारी गाडी, येऊन थांबला. वर एक माणूस, तोंडातून वाफा, दस्ताने काढून बोटांवर फुंकर घालत होता. मला त्याच्यासाठी आले घालून चहा करून न्यायचा होता, पण शेगडी विजेची.

हा धागा वाचला आणि त्या माणसाच्या घरी कोण जागं असेल, हा विचार मनात आला. इतक्या वर्षांत आला नव्हता.

पाणंद

नुसतं वाचत होतो. सूर्यफूल ताईंचा प्रतिसाद वाचून गाणं पहिल्यांदा ऐकलं. मधे ती जाड आवाजाची गिटार वाजते ती कोणती? तिथे मला हुंदका आला, आणि तिथे तर शब्दच नाहीत.

जुनी_कॅसेट

पाणंद, नेमकं बोट ठेवलंत.

वेबने गाणं लिहिलं तेव्हा तो जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, ओक्लाहोमाचा. स्टुडिओतून निरोपावर निरोप, गाणं झालं का, गाणं झालं का. त्याने जे होतं ते पाठवलं, आणि सोबत कळवलं की हे पुरं नाही, अजून एक कडवं व्हायचंय. पुढे बरेच दिवस काहीच कळलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, नसेल आवडलं. मग कॅम्पबेल भेटल्यावर कळलं की गाणं ध्वनिमुद्रित होऊन गेलंय. वेब म्हणाला, अरे, ते पुरं नव्हतं. कॅम्पबेलचं उत्तर: आता झालंय.

जिथे तिसरं कडवं यायचं तिथे त्याने कॅरोल के यांचीच सहा तारांची बास गिटार घेतली आणि गाण्याचीच चाल खालच्या सुरात वाजवली. तुम्ही ऐकलंत ते हे. कसरत नाही, भराभर बोटं नाहीत. बोलता बोलता शब्द संपलेला माणूस जसा नुसता हुंकार देतो तसं.

आणि वाद्यमेळ रचणारे अल डी लोरी, त्यांचे काका कॅलिफोर्नियात लाइनमन होते. पहिली ओळ ऐकताच त्यांना ते काका खांबावर दिसले, असं त्यांनी सांगितलंय. कोयनाकाठ, तुमच्यासारखंच.

कोयनाकाठ

हे मला माहीत नव्हतं. काका लाइनमन! म्हणूनच शेवटाकडे व्हायोलिनं उंच जाऊन जी एका सुरावर थरथरत राहतात ती नुसती सजावट वाटत नाहीत. ती तारच आहे. वेबच्या घरातला इलेक्ट्रिक ऑर्गनही उचलून स्टुडिओत नेला होता, त्याचा तो टिपटिप करणारा संदेशासारखा आवाज त्यात मिसळलाय. ज्याने खांबाखाली उभं राहून ऐकलंय त्यानेच हे रचावं.

निशिगंध

उशिरा येतेय, पण एक लिहायचंच होतं.

माझ्या आईला गेली सहा वर्षं स्मृतिभ्रंश आहे. त्याच काळात मी कॅम्पबेलबद्दल वाचत गेले. २०११ मध्ये त्याने अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि मग निरोपाचा दौरा काढला. दीडशेच्या वर कार्यक्रम केले. त्याची तीन मुलं साथीला. समोर पडद्यावर शब्द सरकत असायचे, कारण शब्द हातचे सुटायला लागले होते. कधी एकच गोष्ट दोनदा सांगायचा. पण गिटार हातात आली की बोटं चुकायची नाहीत. त्या दौऱ्यातलं ‘विचिटा लाइनमन’ मी पाहिलंय. मधला तुकडा आला आणि तो चेहरा एकदम स्वच्छ झाला.

माझी आई मला ओळखत नाही. “तुम्ही कोणाकडे आलात?” असं विचारते. पण संध्याकाळी मी तिच्या उशाशी हरिपाठ सुरू केला की पुढची ओळ तिची. न चुकता. मग मला वाटतं, तार आहे अजून. आवाज येतोय.

लाइनमन अजून लाइनवर आहे, ही ओळ मी त्या घरगुती अर्थाने ऐकते. रोज ऐकत नाही, झेपत नाही.

रानजाई

निशिगंध, तुम्हाला घट्ट मिठी. आईंच्या उशाशी बसलेल्या तुम्ही डोळ्यांसमोर आलात.

एकला_पथिक

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्यात भर घालतो. निशिगंध यांचं वाचल्यावर पुन्हा ऐकलं, रात्री दिवे घालवून. तो तिच्याबद्दल काही सांगत नाही, हे खरं. पण तो स्वतःबद्दल तरी कुठे सांगतो? तो तारेबद्दल सांगतो. दक्षिणेकडचा पट्टा ताण सोसणार नाही, असं तो म्हणतो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तो स्वतःबद्दल बोलतोय, आणि ते त्याला कळतंय की नाही कोण जाणे. माझे वडील गिरणीत होते. घरी आल्यावर फक्त मशीनबद्दल बोलायचे. आज साचा तुटला, आज धागा फार तुटत होता. आम्हाला कंटाळा यायचा.

आता वाटतं, ते काय सांगत होते ते कोणी ऐकलं नाही.

तारघर

पथिक, असंच असतं. आमचे लाइनमन एकमेकांशी जोडीबद्दल बोलत. “जोडीत पाणी शिरलंय.” “जोडी तुटलीय, आवाज येतोय पण जात नाही.” ही कामाची भाषा. घरचं काही असलं तरी तोंडून तीच निघायची.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा आमच्यातले दोघे-तिघे शेवटची तार करायला गेले होते. एकाने बायकोला केली. राहायला ते एकाच घरात. मजकूर होता, “सुखरूप आहे.”

सूर्यफूल

तारघर काका, त्या तारेवर एक वेगळा धागा काढा.

आणखी एक इथे नोंदवते. १९६८ मध्ये हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं आणि पुढच्या जानेवारीत सर्वसाधारण यादीत तिसरं. रे चार्ल्सनेही गायलं, जेम्स टेलरनेही, कॅसान्ड्रा विल्सनचं तर फारच संथ आणि वेगळं आहे. जरूर ऐका. २०२० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत कॅम्पबेलची तबकडी घेतली. पण मी ज्याच्यासाठी लिहितेय ते वेगळंच. काल आमच्या गल्लीत पुन्हा बकेट ट्रक आला होता. या वेळी वीज होती. मी चहा नेला. आल्याचा. तो म्हणाला असा चहा कधी प्यायला नाही, आणि कप परत द्यायला स्वतः दारापर्यंत आला.

कोयनाकाठ

या रविवारी गावी गेलो होतो. धाग्यावर सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, म्हणून ठरवून गेलो की हे गाणं अण्णांना ऐकवायचंच. त्यांचं वय आता शहात्तर. गुडघे गेलेत, कान चांगले आहेत. ओसरीवर बसले होते, आई शेजारी मेथी निवडत होती. फोन मधे ठेवला. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून आधी एकदा नुसतं ऐकवलं, मग थांबवत थांबवत अर्थ सांगितला.

पावसाच्या ओळीवर अण्णा अडले. “पाऊस नाही म्हणून सुट्टी नाही? आमचं उलट होतं की रे.” मी म्हटलं, तिकडे पाऊस लागला की वरचं काम थांबत असेल. त्यांना ते फारसं पटलं नाही. बर्फाच्या ओळीवर मात्र लगेच मान हलवली. “थंडीत तार आखडते. उन्हाळ्यात झोळ पडतो, थंडीत ओढ बसते. त्यावर आणि वजन आलं तर खांबच वाकणार. बरोबर बोलतोय तो.” तारेतून आवाज येतो म्हटल्यावर काही बोलले नाहीत. मला मात्र आठवलं, मी सात-आठ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरच्या खांबाला त्यांनीच माझा कान लावला होता.

मग ती ओळ. मी रानजाई ताईंचा शब्द वापरला. “तो म्हणतो, तू मला हवी आहेस, पण त्याहून तू मला लागतेस.” अण्णा अंगणाकडे बघत राहिले. आईचा हात मेथीत थांबला. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, “आणि ती जागी असते का रे?”

मी सांगितलं, गाण्यात ते नाही.

शेवटचा भाग पुन्हा लावला. व्हायोलिनं वर गेली, थरथरत बारीक होत विरली. अण्णांनी फोनकडे बोट केलं. “हा एकटाच चढलाय?”

“हो. एकटाच आहे.”

“खाली कोणी नाही?”

“नाही.”

“एकट्याने चढायचं नसतं,” अण्णा म्हणाले. आणि मग, “परत लाव.”